होस्टिंगवर एफटीपी खातं: पहिल्यांदाच उघडणाऱ्यासाठी

होस्टिंग विकत घेतलं की थोड्या वेळाने एक लांबलचक ईमेल येतो. त्यात नेमसर्व्हर असतात, कंट्रोल पॅनलचा पत्ता असतो, एक आयपी ॲड्रेस असतो, युजरनेम असतं आणि तळाशी कुठेतरी एफटीपीबद्दल, म्हणजे आपला कॉम्प्युटर आणि होस्टिंगचा सर्व्हर यांच्यात फाइल्सची ने-आण करण्याच्या पद्धतीबद्दल, दोन-तीन ओळी असतात. बहुतेक जण तो अर्धवट वाचून बंद करतात. तो ईमेल आधी शोधून समोर ठेवा, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

मुळात एफटीपी लागतंच का? एखादी फाइल बदलायची असेल तर कंट्रोल पॅनलमधला फाइल मॅनेजर पुरतो, त्यासाठी एवढा खटाटोप नको. पण अख्खा फोल्डर चढवायचा असेल, पूर्ण साइट आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची असेल किंवा दुसऱ्या कुणाला काम करू द्यायचं असेल, पण पॅनलचा पासवर्ड द्यायचा नसेल, तेव्हा एफटीपी लागतं. आणखी एक प्रसंग असतो, आणि तो न सांगता येतो. वर्डप्रेसचं एखादं प्लगइन अपडेट केलं, साइट पांढरी पडली आणि ॲडमिनचं पानही उघडेना. अशा वेळी आत शिरून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं की प्लगइन बंद पडतं आणि बहुतेक वेळा साइट परत उभी राहते. म्हणून गरज नसताना, डोकं शांत असतानाच हे सगळं जुळवून ठेवावं.

तीन नावं आणि त्यांतली निवड

एफटीपी, एफटीपीएस आणि एसएफटीपी ही नावं कानाला सारखी लागतात, म्हणून सगळा गोंधळ होतो.

एफटीपी सगळ्यांत जुनं. त्याचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरमधून शिकून ते एमआयटीत गेले होते आणि हे काम अर्पानेटसाठी, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजासाठी होतं. आज वापरात असलेलं रूप १९८५ च्या ‘आरएफसी ९५९’ या दस्तऐवजातलं. त्या काळी नेटवर्कवर मोजकी मंडळी होती, त्यामुळे पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. साधं एफटीपी आजही तेच करतं. मधल्या वाटेवर कुणी ऐकत बसलं असेल तर पासवर्ड त्याच्या हातात आयता पडतो.

एफटीपीएस म्हणजे तेच एफटीपी, पण टीएलएसच्या, म्हणजे माहिती कुणाला वाचता येऊ नये अशी करून पाठवण्याच्या तंत्राच्या, पाकिटात घातलेलं. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी जे कुलूप दिसायचं, त्यामागचं तंत्र इथेही आहे. याचे दोन प्रकार. ‘एक्स्प्लिसिट’ प्रकार एफटीपीच्याच २१ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं ठरावीक क्रमांकाचं दार) चालतो, तर जुना ‘इम्प्लिसिट’ ९९० वर.

एसएफटीपीचं नाव एफटीपीसारखं असलं तरी घराणं वेगळं आहे. ते एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे काम करण्याच्या साधनाच्या, आतून चालतं. एसएसएच १९९५ साली फिनलंडमधल्या तातू युलोनेन यांनी लिहिलं. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले होते, हे त्यामागचं निमित्त. टेलनेट हे दूरच्या कॉम्प्युटरवर काम करण्याचं जुनं साधन २३ वर आणि एफटीपी २१ वर होतं. दोन्हींची जागा घेणारं काही करायचं होतं, तर त्यांनी मधला मोकळा २२ क्रमांक मागून घेतला. पोर्ट लक्षात ठेवायला ही गोष्ट मला नेहमी उपयोगी पडते. मात्र बऱ्याच होस्टिंग कंपन्या हा २२ बदलून दुसराच क्रमांक ठेवतात, तेव्हा ईमेल बघा.

माझं मत सरळ आहे. एसएफटीपी मिळत असेल तर ते वापरा, नसेल तर एक्स्प्लिसिट एफटीपीएस. साधं एफटीपी वापरायला आता काही कारण उरलेलं नाही. आणि ब्राउझरच्या पट्टीत एफटीपीचा पत्ता टाकून आत जा, असं कुठल्या जुन्या लेखात वाचलं असेल तर ते विसरा. फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनीही २०२१ मध्ये ती सोय काढून टाकली.

खातं तयार करताना: खरी रकाना फोल्डरचीच

मी इथे सीपॅनल नावाचं कंट्रोल पॅनल धरून सांगतो, कारण शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) ते फार ठिकाणी दिसतं. पॅनल दुसरं असलं तरी रकाने जवळपास हेच असतात.

एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. सीपॅनलचं जे मुख्य युजरनेम आहे, ते स्वतःच एक एफटीपी खातं आहे. त्या नावाने एफटीपीएस चालतं आणि कंपनीने एसएसएच चालू ठेवलं असेल तर एसएफटीपीही. पण तुम्ही पॅनलमध्ये जी जादाची एफटीपी खाती उघडता, त्यांना एसएफटीपी मिळत नाही. ती फक्त एफटीपी आणि एफटीपीएसपुरती. नवं खातं उघडून एसएफटीपीने जायला बघणारे आणि तासभर पासवर्ड बदलत बसणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. त्यामुळे स्वतःसाठी मुख्य खातं एसएफटीपीने, आणि दुसऱ्याला द्यायचं असेल तर वेगळं खातं एफटीपीएसने, अशी वाटणी करून टाका.

पॅनलमध्ये ‘फाइल्स’ या विभागात ‘एफटीपी अकाउंट्स’ उघडा. पहिली रकाना लॉगिनची. तिथे ‘डिझायनर’ असं काही लिहिलंत तरी पूर्ण युजरनेम तेवढंच नसतं. पुढे ॲटचं चिन्ह आणि तुमचं डोमेन लागतं, अगदी ईमेलच्या पत्त्यासारखं. लॉगिन करताना हे अख्खं नाव लिहायचं. नवख्या माणसाचं पहिलं लॉगिन फसतं ते बहुधा इथेच. पासवर्ड पॅनललाच तयार करू द्या आणि पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा.

आता ‘डिरेक्टरी’ची रकाना. या खात्याने आत शिरल्यावर माणूस कुठे उभा राहील, हे ती ठरवते. आणि तो तिथून वर चढू शकत नाही, फक्त खाली जाऊ शकतो. तुम्ही लॉगिनचं नाव लिहिलं की पॅनल इथे आपणहून एक फोल्डर सुचवतं, ज्याच्या शेवटी तेच लॉगिन असतं. तो तसाच राहू दिला तर त्या नावाचा नवा, रिकामा फोल्डर तयार होतो. मग तुम्ही लॉगिन करता, समोर काहीच दिसत नाही आणि साइट उडाली की काय, असं वाटून पोटात गोळा येतो. साइट कुठेही गेलेली नसते, तुम्हीच चुकीच्या खोलीत शिरलेले असता.

मुख्य डोमेनची साइट सीपॅनलमध्ये ‘पब्लिक एचटीएमएल’ या फोल्डरमध्ये असते (दोन शब्दांमध्ये स्पेस नाही, अंडरस्कोर असतो). पूर्ण साइटवर काम करायचं असेल तर रकान्यात तेवढंच ठेवा, पुढचं लॉगिनचं नाव खोडा. एकाच होस्टिंगवर दुसरं डोमेन जोडलेलं असेल तर त्याचा फोल्डर वेगळा असतो. ‘डोमेन्स’च्या पानावर प्रत्येकासमोर ‘डॉक्युमेंट रूट’ लिहिलेला असतो, तो बघून घ्या. प्लेस्क या दुसऱ्या पॅनलमध्ये हाच फोल्डर ‘एचटीटीपीडॉक्स’ नावाचा, तर डायरेक्टॲडमिनमध्ये आधी ‘डोमेन्स’, त्यात डोमेनच्या नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत ‘पब्लिक एचटीएमएल’.

रकाना पूर्ण रिकामी सोडून सगळ्यांत वरचा फोल्डर देऊन टाकणं सोपं वाटतं, पण तिथे तुमचे ईमेल, लॉग आणि बाकी सगळं पडलेलं असतं. दुसऱ्याला असं खातं देऊ नका. जो फक्त थीमवर, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल्सवर काम करणार आहे, त्याला त्या थीमच्या फोल्डरपुरतंच खातं द्या.

अर्थात या कुंपणावर फार विसंबूनही चालणार नाही. ज्याला तुमच्या साइटच्या फोल्डरमध्ये पीएचपीची फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम, ठेवता येते, तो ती ब्राउझरमधून चालवूही शकतो. आणि शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी सहसा तुमच्या मुख्य खात्याच्याच अधिकाराने चालतं. एफटीपी त्याला वर जाऊ देणार नाही, पण त्याची पीएचपी फाइल जाईल. त्यामुळे फोल्डरचं बंधन चुकून होणारी मोडतोड टाळतं, मुद्दाम केलेली नाही. ज्याच्यावर विश्वास नाही, त्याला थीमचा फोल्डरही नको.

कोट्याची, म्हणजे खात्याला किती जागा द्यायची याची, रकाना स्वतःच्या खात्याला अमर्याद ठेवली तरी चालते. बाकी काही भरायचं नाही. खातं तयार झालं.

क्लायंट जोडणं

क्लायंट म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून एफटीपीने सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारा आणि फुकट मिळणारा म्हणून फाइलझिला बहुतेकांना माहीत असतो. फक्त विंडोजवर काम असेल तर विनएससीपीही उत्तम, मॅकवाल्यांना सायबरडक आवडतो. कुठलाही घ्या, पण त्याच्या मूळ साइटवरूनच. इन्स्टॉल करताना दुसरंच काही सॉफ्टवेअर गळ्यात मारणारं पान आलं तर नकार द्या.

फाइलझिलामध्ये वरच्या बाजूला झटपट जोडणीची पट्टी दिसते. मोह होतो, पण ती सोडा. ‘फाइल’ मेनूतून ‘साइट मॅनेजर’ उघडा, ‘न्यू साइट’ दाबा आणि ओळखू येईल असं नाव द्या. मग आधी प्रोटोकॉल, म्हणजे जोडणीची पद्धत निवडा. मुख्य खातं असेल आणि एसएसएच चालू असेल तर एसएफटीपी. जादाचं खातं असेल तर एफटीपी, आणि त्याखालच्या एन्क्रिप्शनच्या यादीत ‘रिक्वायर एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस’. तिथे ‘जमलं तर टीएलएस वापर’ अशा अर्थाचाही पर्याय असतो. तो नको, कारण नाही जमलं तर तो निमूटपणे उघड्या एफटीपीवर येतो.

‘होस्ट’मध्ये फक्त डोमेन लिहा, पुढे-मागे तिरक्या रेघा नकोत. डोमेन अजून या होस्टिंगकडे वळवलं नसेल तर ईमेलमधला आयपी ॲड्रेस टाका. क्लाउडफ्लेअर (साइट आणि वाचक यांच्या मधे उभी राहणारी सेवा) वापरत असाल तर इथे डोमेन बहुधा चालणारच नाही. त्याच्या नारिंगी ढगाआड डोमेनचा खरा पत्ता लपतो आणि तो ढग वेबची वाहतूक पुढे नेतो, एफटीपीची नाही. आयपी किंवा कंपनीने दिलेलं सर्व्हरचं नाव लिहिलं की प्रश्न मिटतो. पोर्ट रिकामा सोडला तर प्रोटोकॉलप्रमाणे नेहमीचा क्रमांक घेतला जातो. कंपनीने वेगळा दिला असेल तरच भरा.

‘लॉगऑन टाइप’मध्ये दर वेळी पासवर्ड विचारण्याचा पर्याय ठेवलात तर सगळ्यांत बरं. पासवर्ड साठवायचाच असेल तर आधी सेटिंग्जमध्ये ‘इंटरफेस’खालच्या ‘पासवर्ड्स’मध्ये जाऊन मास्टर पासवर्ड लावा. तो नसेल तर फाइलझिला पासवर्ड तुमच्या कॉम्प्युटरवर एका फाइलमध्ये नुसते अक्षरं बदलून ठेवतो, आणि ते उलटं करायला काही सेकंद पुरतात. ही नुसती शंका नाही. २००९ मध्ये पसरलेलं ‘गंब्लर’ नावाचं मालवेअर लोकांच्या कॉम्प्युटरवरून एफटीपीचे पासवर्ड उचलायचं आणि त्यांच्याच साइटमध्ये जाऊन कोड पेरायचं.

‘कनेक्ट’ दाबल्यावर पहिल्या वेळी एक खिडकी उघडते आणि लोक ती न वाचता ‘ओके’ करतात. एफटीपीएसमध्ये ती सर्टिफिकेट दाखवते. नाव जुळत नाही अशी तक्रार आली तर बरेचदा कारण साधं असतं: सर्टिफिकेट सर्व्हरच्या नावाचं असतं आणि तुम्ही स्वतःचं डोमेन टाकलेलं असतं. होस्टमध्ये सर्व्हरचं नाव घाला, तक्रार जाते. एसएफटीपीमध्ये ती सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवते. कंपनीने तो कुठे दिला असेल तर पडताळून मगच स्वीकारा. हीच खिडकी काही महिन्यांनी ‘किल्ली बदलली आहे’ म्हणून पुन्हा आली तर मात्र थांबा. सर्व्हर खरंच बदललाय का, हे कंपनीला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हात बसला की एसएफटीपीसाठी पासवर्डऐवजी एसएसएच की वापरता येते. सीपॅनलमध्ये ‘एसएसएच ॲक्सेस’मध्ये ती आणायची आणि, हे विसरलं जातं, ‘ऑथराइझ’ करायची. नुसती आणून ठेवलेली की काही उघडत नाही.

आत शिरल्यावर

डावीकडे तुमचा कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर. साइटच्या फाइल्सना हात लावण्याआधी एक छोटी टेक्स्ट फाइल बनवा, त्यात एक शब्द लिहा, ती उजवीकडे ओढा आणि ब्राउझरमध्ये डोमेनपुढे तिचं नाव टाकून उघडा. शब्द दिसला म्हणजे तुम्ही योग्य फोल्डरमध्ये आहात. नाही दिसला तर दुसरीकडे कुठेतरी आहात, आणि हे आत्ताच कळलं ते बरं. मग ती फाइल काढून टाका.

त्यानंतरचं पहिलं काम चढवण्याचं नाही, उतरवण्याचं. आहे ती साइट आपल्याकडे ओढून घ्या. मी हे एकदा टाळलं होतं. उजव्या बाजूच्या यादीत फोल्डर निवडताना बोट घसरलं आणि वर्डप्रेसचा एक अख्खा फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात गेला. आवाज नाही, सूचना नाही, आणि साइट बंद. एफटीपीत ‘अनडू’ नसतं. कुठला फोल्डर कुठे गेला, हे क्लायंटच्या वरच्या चौकटीतल्या नोंदी वाचून शोधायला मला पाऊण तास लागला. तेव्हापासून सर्व्हरच्या बाजूला मी माउसने काही ओढत नाही, उजवं क्लिक करून अपलोड किंवा डाउनलोड निवडतो.

नवीन साइट चढवताना फोल्डर नव्हे, फोल्डरच्या आतल्या फाइल्स निवडा. नाहीतर साइट एक पायरी खाली जाऊन बसते आणि डोमेन उघडलं की काहीच सापडत नाही. सगळं बरोबर चढूनही कंपनीचं ‘लवकरच येत आहे’ छाप पानच दिसत असेल तर तिथे आधीपासूनची ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ पडलेली असते. काही सर्व्हरवर ती तुमच्या ‘इंडेक्स डॉट पीएचपी’च्या आधी उचलली जाते. तिचं नाव बदला.

कॉम्प्युटरवर दिसणारा फोटो साइटवर दिसत नसेल तर नावातली कॅपिटल अक्षरं बघा. विंडोजला मोठं-छोटं अक्षर सारखंच, लिनक्सच्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं. आणि टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल्स, विशेषतः ‘एचटीॲक्सेस’, कधी कधी यादीत दिसतच नाहीत. ‘सर्व्हर’ मेनूत लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय आहे.

फाइल कुणी वाचायची, कुणी बदलायची हे ठरवणाऱ्या परवानग्यांच्या आकड्यांना घाबरू नका. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४, एवढं पुरतं. काही चालेना म्हणून सगळ्याला ७७७ देण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. त्याचा अर्थ सर्व्हरवरच्या कुणालाही लिहायची मुभा. शिवाय काही सर्व्हर अशा फाइल्स चालवायलाच नकार देतात, म्हणजे दुखणं वाढतं.

हजारो छोट्या फाइल्स असतील तर एकेक चढवू नका. एफटीपी प्रत्येक फाइलसाठी नवी जोडणी उघडतं, त्यामुळे एक मोठी फाइल भरभर जाते आणि तेवढ्याच वजनाच्या बारीक फाइल्स रांगेत खोळंबतात. झिप करून चढवा आणि पॅनलच्या फाइल मॅनेजरमधून सोडवा. मग ती झिप तिथून काढायला विसरू नका, नाहीतर नावाचा अंदाज बांधून कुणीही ती उतरवून घेईल.

अडलं तर

क्लायंटच्या वरच्या चौकटीत सर्व्हरशी चाललेलं संभाषण दिसतं. शब्द कळले नाहीत तरी आकडा वाचा.

५३० म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. आधी पूर्ण युजरनेम लिहिलंय का बघा, मग पासवर्ड कॉपी करताना शेवटी स्पेस आलीय का ते. आणि तीन-चार वेळांच्या वर प्रयत्न करू नका, कारण सर्व्हरचा पहारेकरी तुमचा आयपीच अडवतो. मग योग्य पासवर्डही चालत नाही आणि तुम्ही आणखी गोंधळता. जोडणीच होत नाही, नुसतं ‘टाइम्ड आउट’ येतंय, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून करून बघा. तिथून झालं तर एकतर तुमचा आयपी अडवलाय किंवा ऑफिसच्या फायरवॉलने पोर्ट बंद ठेवलाय.

लॉगिन झालं, २२७ क्रमांकाची ओळ आली आणि यादी येतच नाही, हा प्रकार सगळ्यांत जास्त छळतो. एफटीपी दोन जोडण्यांवर चालतं. २१ वर फक्त बोलणं होतं, फाइल्स आणि याद्या दुसऱ्या जोडणीतून जातात. २२७ म्हणजे पॅसिव्ह मोडमध्ये सर्व्हरने त्या दुसऱ्या जोडणीसाठी पोर्ट सांगितला. तो वाटेत कुठल्यातरी फायरवॉलमध्ये अडकला. क्लायंटमध्ये ट्रान्सफर मोड पॅसिव्हच आहे ना ते बघा, तरीही अडलं तर कंपनीला पॅसिव्ह पोर्ट उघडे आहेत का असं नेमकं विचारा. एसएफटीपीला एकच जोडणी लागते, म्हणून तिथे हे दुखणं नाही.

४२१ आला आणि सोबत जोडण्या जास्त झाल्याची तक्रार असेल तर साइट मॅनेजरमधल्या ‘ट्रान्सफर सेटिंग्ज’मध्ये एका वेळच्या जोडण्या एक-दोनवर आणा. ५५० म्हणजे फाइल नाही किंवा परवानगी नाही, ५५२ म्हणजे जागा भरली.

दुसऱ्या कुणासाठी उघडलेलं खातं त्याचं काम संपलं की त्याच दिवशी काढा. मात्र काढताना पॅनल विचारतं, नुसतं खातं काढायचं की त्याच्या फोल्डरमधल्या फाइल्सही. त्या खात्याची डिरेक्टरी ‘पब्लिक एचटीएमएल’ असेल, तर दुसरा पर्याय दाबल्यावर खात्यासोबत अख्खी साइट जाते. पहिलाच निवडा, आणि त्यानंतर एकदा साइट उघडून बघा.